पिकअपचा आयएफएस कापून पुढे सॉलिड अ‍ॅक्सल: सुरुवात कुठून करू?

चिखलफेक (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आता गाडीनेच लिहायला लावलंय.

टोयोटाची जुनी पिकअप आहे, १९८६ नंतरच्या पिढीतली. म्हणजे पुढे टॉर्शन बारवालं (पिळल्या जाणाऱ्या सळईची स्प्रिंग) स्वतंत्र सस्पेंशन, ज्यात प्रत्येक चाक वेगळं हलतं, आपल्या भाषेत आयएफएस. टायर ३३ इंची. आधीच्या मालकाने टॉर्शन बारचे बोल्ट पिळून पिळून गाडीचं नाक वर काढून ठेवलंय. उभी असताना काय रुबाबदार दिसते! आणि पहिल्याच तिरक्या चरात पुढचं एक चाक हवेत गरगरत बसतं. वर्षभरात चाकाला फिरवणाऱ्या वाकत्या सांध्यांचे, म्हणजे सीव्ही जॉइंटचे रबरी बूट तीनदा फाटले, स्टिअरिंगचा आयडलर आर्म बदलून झाला, आणि परवा खालचा आर्म खडकावर असा आपटला की आता सरळ जायचं तर स्टिअरिंग डावीकडे धरून बसावं लागतं.

तर ठरवलंय: सगळं कापून काढायचं आणि खाली सॉलिड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आस, घालायचा. याच कंपनीच्या १९७९ ते १९८५ च्या फोर बाय फोर पिकअपखाली तो मुळातच यायचा, त्यामुळे अगदीच खूळ नाही अशी स्वतःची समजूत घालतोय. वेल्डिंग येतं, पण आजवर फाटक आणि ट्रेलर यापलीकडे काही जोडलेलं नाही.

पाटे लावू की लिंक-कॉइल (गुंडाळी स्प्रिंग आणि अ‍ॅक्सल धरणाऱ्या नळ्या)? अ‍ॅक्सल कुठला शोधू? आणि कामाचा क्रम काय ठेवू, म्हणजे एकच गोष्ट दोनदा करावी लागणार नाही?

लो_रेंज

मुळातला प्रश्न राहिलाच: गरज आहे का?

टॉर्शन बार पिळून उंची मिळते, प्रवास मिळत नाही. चाकाचं एकूण वरखाली होणं तेवढंच राहतं. गाडी उभी असतानाच आर्म खालच्या टोकाला जाऊन बसले, तर चरात खाली जायला उरतं काय? सीव्हीही कायम वाकड्या कोनात फिरतात, बूट फाटणारच. बार सैल करा, उंची मूळच्या जवळ आणा, मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) घाला आणि महिनाभर चालवून बघा.

वाळवंटातल्या शर्यतीच्या ट्रकांना पुढे स्वतंत्र सस्पेंशन असतं ते उगाच नाही. वेगात, खडबडीत वाटेवर प्रत्येक चाकाने आपापलं बघितलेलं बरं. सॉलिडचं सगळं धूड स्प्रिंगच्या खाली लोंबत असतं आणि प्रत्येक खड्ड्याला ते स्टिअरिंगमधून मनगटाला कळवतं.

चिखलफेक

@लो_रेंज, मागे लॉकर आहे. बार सैल करूनही पाहिले, मग टायर फेंडरला घासतो. आणि वेगात जायचंच नाहीये. माझं सगळं फिरणं खडकांतून आणि ओढ्यांतून, ताशी पाच किलोमीटर.

गंजलेला_नट

मग वाद मिटला. ताशी पाचने चालणाऱ्याने सॉलिडच घालावा.

तराजूची दांडी डोळ्यांसमोर आणा. एक पारडं वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. आयएफएसमध्ये एका चाकाला दुसऱ्याची खबरच नसते. दुसरी गोष्ट पोटाची. आयएफएस दबलं की चाकं जागेवर राहतात आणि पोट, डिफसकट (डिफरन्शियल, चाकांना जोर वाटणारा गिअरांचा गोळा), दगडावर येतं. सॉलिडमध्ये डिफचा गोळा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो, गाडी दबो नाहीतर उचलली जावो. हां, तो गोळा कायम खाली असतो हेही खरं. दगड मधोमध घ्यायची सवय सोडायची, चाकावर घ्यायचा.

आता अ‍ॅक्सल. कुठला मिळतोय हे नंतर, आधी बघायचं डिफ कुठल्या बाजूला आहे ते. ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सचा जोर पुढे-मागे वाटणारा डबा) पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो त्याच बाजूला डिफ हवा, नाहीतर शाफ्ट इंजिनच्या पोटाखालून तिरका काढायची पाळी येते. तुमच्या गाडीला तो उजवीकडे आहे आणि ७९-८५ च्या अ‍ॅक्सललाही उजवीकडेच, म्हणून ही जोडी इतकी लोकप्रिय. मग रुंदी. जुना अ‍ॅक्सल तुमच्या मागच्यापेक्षा साधारण ३ इंच अरुंद भरेल. लोक आयएफएसचेच हब त्यावर चढवतात किंवा स्पेसर घालतात, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच भरून निघतो.

आणि रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे (डिफमधल्या, शाफ्टकडच्या छोट्या दातचाकाचे) किती फेरे. पुढचा आणि मागचा सारखाच हवा, इथे 'जवळजवळ' चालत नाही. मागे ४.८८ आणि पुढे ४.१० असेल तर फोर बाय फोर लावल्या लावल्या दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडायला लागतात. चिखलात टायर घसरून ते खपून जातं, कोरड्या खडकावर ट्रान्सफर केस रडते. अ‍ॅक्सल घेण्याआधी रेशो मोजून घ्या, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. उघडा डिफ असेल तर एका बाजूचा हब कुणाला तरी घट्ट धरायला लावा, दुसरा बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनचे फेरे मोजा. पिनियनवर खडूची रेघ मारली की चुकत नाही. चार फेरे आणि किंचित वर म्हणजे ४.१०. पाचाला थोडं कमी पडलं तर ४.८८. एकच फेरा फिरवून निम्मा आकडा मोजणारे आणि मग डोकं धरून बसणारे बरेच पाहिलेत.

ताकदीचं म्हणाल तर तुमच्या आयएफएसचं क्राउन (डिफमधलं मोठं दातचाक) साडेसात इंची, जुन्या सॉलिडचं ८ इंची, दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅक्सलांत डाना ४४ चं साडेआठ आणि डाना ६० चं पावणेदहा. ३३ इंची टायरला ८ इंची भरपूर झालं. ३५ च्या पुढे गेलात आणि पुढेही लॉकर घातलात की आधी तुटतो तो नकलच्या (चाक ज्यावर वळतं तो भाग) आतला बर्फिल्ड जॉइंट, तेही चाक पूर्ण वळवलेलं असताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला की. त्याला क्रोमोली पोलादाचे जॉइंट मिळतात. डाना ६० चा मोह मात्र आवरा. त्या वजनाला पेलायला मग बाकीची गाडीही तशीच बांधत बसावं लागतं.

शंकासूर

भाबडा प्रश्न. मागचाच एखादा अ‍ॅक्सल पडून असेल तर तो फिरवून पुढे लावता येणार नाही का?

गंजलेला_नट

येईल की. फक्त चाकं वळणार नाहीत. :) नकल कुठून आणणार?

पण प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. साध्या डिफचं तोंड फिरवून तो पुढे लावला तर चाकं बरोबर दिशेनेच फिरतात, पण दात उलट्या अंगाने काम करतात. क्राउनच्या दाताची एक बाजू जोर घ्यायला कापलेली असते, दुसरी फक्त एक्सिलरेटर सोडल्यावरचं ओझं घ्यायला. पुढच्या लो-पिनियन अ‍ॅक्सलमध्ये सगळा जोर या कमजोर बाजूवर येतो. म्हणून पुढच्यासाठी उलटे दात कापलेले हाय-पिनियन डिफ करतात. त्यात पिनियन मध्यरेषेच्या वर असतो, शाफ्टही दगडांपासून वर राहतो. आणि साधा डिफ खालचा वर करून पालथा घातलात, तर पहिल्या गिअरमध्ये मागची चाकं पुढे आणि पुढची मागे.

शंकासूर

दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

आरामखुर्ची

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कारखान्यातूनच सॉलिड अ‍ॅक्सल येणारी गाडी घ्यावी ना. जीप ग्लॅडिएटर २०२० च्या मॉडेलपासून तशीच येते. रॅम २५०० आणि फोर्ड सुपर ड्यूटीच्या पुढे अजून सॉलिडच. लँड क्रूझर ७० तर आहेच, १९९९ पासून पुढे पाट्यांऐवजी कॉइल, पण अ‍ॅक्सल तोच अखंड. शेवरलेने १९८८ मध्ये मोठ्या पिकअपनाही आयएफएस लावलं, फोर्डच्या एफ-१५० ने १९८० मध्ये दोन तुकड्यांचा अर्धवट प्रकार काढला. आणि ज्या हायलक्सवर अमेरिकेत ८६ पासून आयएफएस आलं, तीच ऑस्ट्रेलियात १९९७ पर्यंत पुढे पाटे आणि सॉलिड घेऊन विकली जात होती. म्हणजे कारखान्यालाही माहीत होतं कुणाला काय हवंय ते.

चिखलफेक

@आरामखुर्ची, मुद्दा बिनतोड. पण ही गाडी माझ्याकडे पंधरा वर्षं आहे. तिला विकून दुसरी घेणं म्हणजे... असो. तुम्हाला कळेल किंवा नाही कळणार.

आरामखुर्ची

कळलं. माघार घेतली.

रानजाई

पाटे की लिंक यावर माझे दोन आणे. मी स्वतः तीन लिंक, कॉइल आणि पॅनहार्ड (अ‍ॅक्सलला डावीकडे-उजवीकडे सरकू न देणारी आडवी दांडी) असं करून बसले आहे, त्यामुळे अनुभवाने सांगते: पहिलंच काम असेल तर पाटे लावा.

पाटा स्प्रिंगही असतो आणि अ‍ॅक्सलला जागेवर धरणारा हातही. एक टोक स्थिर हँगरला, दुसरं झुलत्या शॅकलला, मध्ये यू-बोल्ट, झालं. लिंकमध्ये यातलं प्रत्येक काम वेगळ्या नळीने करायचं आणि प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांची जागा तुम्ही ठरवायची. तिथे २० मिलिमीटर चुकलं तर रस्त्यावर कळतं.

पाट्यांमध्येही शॅकल पुढे की मागे हे ठरवावं लागेल. पाटा दबला की सरळ होतो, म्हणजे लांब होतो. स्थिर टोक पुढे असेल तर अ‍ॅक्सल दबताना मागे सरकतो, दगडापासून दूर, धक्का मऊ लागतो. शॅकल पुढे असेल तर उलट, अ‍ॅक्सल दगडावर चालून जातो. मी स्थिर टोक पुढेच ठेवेन. फक्त मागे सरकणारा टायर फेंडरच्या मागच्या कडेला लागत नाही ना आणि शाफ्टच्या स्लिपमध्ये आत जायला पुरेशी जागा आहे ना, हे बघावं लागतं. म्हणूनच बरेच जण सेंटर बोल्टचं भोक बदलून अ‍ॅक्सल इंच-दोन इंच पुढे ढकलतात.

स्टिअरिंगवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. जुन्या गाडीत स्टिअरिंग बॉक्सचा पिटमन आर्म पुढे-मागे हलायचा आणि त्याला नकलशी जोडणारी ड्रॅग लिंक चॅसीला समांतर जायची. गाडी उचलली की ती लिंक खडी होते, मग पाटा दबला की चाक आपोआप वळतं. तुमचा आयएफएसचा बॉक्स मात्र आडवा हलतो. तोच थोडा पुढे सरकवून, पलीकडच्या बाजूच्या नकलच्या डोक्यावर आर्म लावून ड्रॅग लिंक आडवी टाका. दोन्ही नकलना जोडणारी टाय रॉडही वर जाते, दगडाला वाकत नाही.

बॉक्सचे बोल्ट नुसते चॅसीतून आरपार घालू नका. पोकळ चॅसी घट्ट करताना दबते, मग बोल्ट सैल पडतात, मग भोकाच्या कडेने तडा जातो. आरपार जाड नळी घालून ती दोन्ही बाजूंना वेल्ड करायची, बाहेरून पट्टी द्यायची आणि बोल्ट नळीतून न्यायचे.

चिखलफेक

ताई, तुमचं लिंकवालं अनुभवासारखं वाटतंय. काय झालं होतं?

रानजाई

डेथ वॉबल झालं होतं.

पहिले दोन आठवडे गाडी लोण्यासारखी चालली. मग एकदा डांबरी रस्त्यावर ताशी सत्तरला एका सांध्यावरून गेले आणि स्टिअरिंग हातातून सुटून आपटायला लागलं. पुढचा अख्खा भाग डावीकडे-उजवीकडे थरथरत होता, आरशात काही दिसेना. थांबेपर्यंत थांबलं नाही. थांबल्यावर दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसले होते.

लोकांनी सांगितलं स्टिअरिंग डॅम्पर बदल. बदलला. आठवडाभर बरं वाटलं आणि पुन्हा तेच. मग एकाने स्टिअरिंग उभ्याउभ्या डावं-उजवं हलवायला सांगितलं आणि मी खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवून बघितलं. पॅनहार्डच्या चॅसीकडच्या बोल्टवर बोट ठेवलं तर टक्, टक्. ब्रॅकेटमधलं भोक अंड्यासारखं लांबट झालेलं, डोळ्यांना दिसतही नव्हतं, बोटालाच कळलं. भोक मी हातातल्या ड्रिलने पाडलं होतं आणि बोल्ट अर्ध्या मिलिमीटरने सैल होता. डॅम्पर बिचारा ते फक्त झाकत होता.

कॉइलवाल्यांनी एक गाठ बांधून ठेवायची: पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक एकमेकींना समांतर आणि शक्य तितक्या सारख्या लांबीच्या. दोघी सारख्याच कमानीत हलल्या तर चाक गप्प राहतं.

ओळंबा

मापावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

जुनं सगळं कापण्याआधी, गाडी सपाट फरशीवर चाकांवर उभी असताना चॅसीवरून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा. मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य, चॅसीची दोन्ही टोकं, जुन्या पुढच्या चाकाचा मध्य. खुणा खडूने नको, सुईने ओरखडा काढा. कापल्यावर गाडी स्टँडवर गेली की संदर्भाला दुसरं काही उरत नाही. नवीन अ‍ॅक्सल बसवताना कर्ण मोजायचे, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, ५ मिलिमीटरच्या आत आले पाहिजेत. मी ३ वर भांडतो.

कापताना: बॅटरी काढा. ब्रेकची नळी आणि इंधनाची नळी कुठून जाते ते आधी बघा. चॅसीला आतून लावलेलं डांबरी कोटिंग ठिणगीने हळूच पेटतं आणि धूर दिसेपर्यंत वायरिंग गेलेलं असतं. माझं गेलंय. काम संपल्यावर अर्धा तास शेडमध्ये थांबायचं, दिवे बंद करून.

आणि अनेक पिकअपचा चॅसी नंबर पुढच्या उजव्या रुळावर, चाकाच्या आसपासच कोरलेला असतो. ग्राइंडर फिरवताना तो उडवलात तर गाडी तुमची आहे हे कागदावर सिद्ध करणं अ‍ॅक्सल बसवण्यापेक्षा अवघड जाईल. आधी त्यावर टेप लावा. अशा बदलाला मंजुरी लागते का, विमा चालतो का, हेही कापण्याआधी विचारा, नंतर नाही.

गंजलेला_नट

ओळंबांना +१.

क्रमाचा प्रश्न राहिला होता. एकच नियम: शेवटपर्यंत सगळं टाक्यांवर. पूर्ण वेल्ड सगळ्यात शेवटी. हँगर, शॅकल, शॉकचे माउंट, बॉक्सची पट्टी, सगळ्यांना चार-चार टाके मारायचे, इंजिन-गिअरबॉक्स जागेवर असताना गाडी चाकांवर उतरवायची आणि मग हलवून बघायची. प्रत्येक बाजूच्या जुडग्यातला एक पाटा सोडून बाकीचे काढा, म्हणजे जॅकने अ‍ॅक्सल पार वर ढकलता येतो. डिफचा गोळा ऑइल पॅनला कुठे लागतो? टाय रॉड पाट्याला लागते का? मग एक बाजू वर, एक खाली, आणि तशात स्टिअरिंग दोन्ही टोकांना. ब्रेकचा होज याच अवस्थेत मोजायचा, सपाट उभ्या गाडीवर नाही. जिथे लागतं त्याच्या २५ मिलिमीटर आधी बंप स्टॉप.

कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) आणि पिनियनचा कोन हे भांडण सगळ्यांना लागतं. मोठ्या टायरला कॅस्टर ३ ते ६ अंश असला की गाडी सरळ धावते. पण उंच गाडीत पिनियन ट्रान्सफर केसकडे बघायला वर वळवला तर कॅस्टर कमी होतो, कॅस्टर वाढवला तर पिनियन खाली बघतो. अ‍ॅक्सल एकच, दोन्ही कोन त्यालाच चिकटलेले. पाट्याखाली पाचर घातली तरी दोन्ही मिळूनच फिरतात. खरा उपाय म्हणजे नकलचे गोळे हाउसिंगवरून कापून फिरवून पुन्हा वेल्ड करणं. ते ज्याला जमतं त्याच्याकडूनच करून घ्या. थोडक्या उंचीवर ट्रान्सफर केसकडे डबल क्रॉसचा शाफ्ट लावला की भागतं.

नकल उघडालच, तर ट्रनियन बेअरिंगचा (ज्यावर नकल वळतो) ताण तपासल्याशिवाय बंद करू नका. सील आणि टाय रॉड न लावता स्टिअरिंग आर्मच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि हळू ओढायचं. नकल ३ ते ६ किलोच्या दरम्यान हलायला लागला पाहिजे. कमी आलं तर शिम (पातळ चकत्या) काढायच्या, जास्त आलं तर घालायच्या. हे न करता बांधलेला अ‍ॅक्सल रानजाईंसारखा नाच करतो, कारण वेगळं, नाच तोच.

आणि आतलं सील! शाफ्ट घालताना सीलच्या ओठावर लोंबू द्यायचा नाही, दोन्ही हातांनी आधार देत सरळ आत. ओठ दुमडला की डिफचं ऑइल नकलमध्ये येतं आणि ग्रीसचं सूप होतं.

नवी_पिकअप

माझी गाडी अलीकडची आहे, एबीएस आणि स्थिरता नियंत्रणवाली. तिलाही हे जमेल?

लो_रेंज

लोखंड जमेल, संगणक रुसेल. चाकाच्या वेगाचे सेन्सर नव्या हबमध्ये बसवावे लागतील, स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर नव्या बॉक्सशी जुळवावा लागेल, नाहीतर वळणावर गाडी स्वतःच ब्रेक मारेल. धागाकर्त्यांची गाडी जुनी आहे हे त्यांचं भाग्य.

चिखलफेक (चार महिन्यांनंतर)

धागा वर काढतो. हिशोब देणं लागतो.

८५ चा अ‍ॅक्सल मिळाला. गंजलेल्या नटांच्या पद्धतीने फेरे मोजले. विकणारा ४.८८ म्हणत होता, खडूची रेघ चार वेळा वर आली आणि थोडीशी पुढे गेली. ४.१०. माझ्या मागेही ४.१०, म्हणजे त्याच्या चुकीने माझं कामच झालं.

कापायला धरलेले दोन दिवस होते, लागले सहा. आर्मचे माउंट कारखान्याने काय जिवावर उदार होऊन वेल्ड केलेत! ग्राइंडरची चाकं संपत होती आणि लोखंड तसंच. चॅसी गुळगुळीत झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला, अ‍ॅक्सल बसला तेव्हाही एवढा नाही.

पाटेच लावले, स्थिर टोक पुढे. पहिल्यांदा हँगरला टाके मारून गाडी उतरवली आणि कर्ण मोजले तर १२ मिलिमीटरचा फरक. रात्रभर विचार केला, चॅसी वाकडी, अ‍ॅक्सल वाकडा, नशीब वाकडं. सकाळी कळलं की उजवीकडचा हँगर मी ओरखड्याच्या रेघेच्या आतल्या कडेला लावला होता आणि डावीकडचा बाहेरच्या. टाके होते म्हणून अर्ध्या तासात निघाला. पूर्ण वेल्ड मारलं असतं तर आज हे लिहीत नसतो.

हलवून बघितलं तेव्हा डिफने ऑइल पॅनला चुंबन दिलं. पॅनवर मार्करने गोल केला, बंप स्टॉप वाढवला, गोल अजून आहे. ब्रेकचे होज उजवीकडे पुरले, डावीकडे पूर्ण खाली गेल्यावर तारेसारखे ताणले. मोठे घातले. बॉक्सच्या बोल्टांना नळ्या घातल्या, रानजाईताई. नकलचा काटा एकीकडे ४, दुसरीकडे साडेचार किलो. स्टिअरिंग आर्मचे कोन वॉशर काही केल्या निघेनात, पितळेच्या ड्रिफ्टने बाजूने ठोकत बसलो आणि अचानक एक टण्णकन उडून छताला लागला. तो अजून सापडलेला नाही.

गाडी बाहेर काढली. स्टिअरिंग एक आरा डावीकडे होतं, ड्रॅग लिंक फिरवून सरळ केलं. सत्तरला नेली, हात सैल सोडून बघितले, गप्प. पहिल्या फेरीनंतर नकलचे चारही स्टड पुन्हा आवळले, त्यातला एक खरंच पाव फेरा सैल झाला होता.

मग त्याच चरात गेलो. तीच तिरकी चढण. उजवं चाक वर गेलं, मी सवयीने डाव्याच्या गरगरण्याची वाट बघत होतो, ते आलंच नाही. खाली उतरून बघितलं तर डावं चाक चराच्या तळाशी, पाटा धनुष्यासारखा उलटा वाकलेला आणि टायरची नक्षी मातीत उमटलेली. मागचं लॉकर लावलंही नव्हतं.

रानजाई

अभिनंदन! फोटो?

लो_रेंज

शब्द मागे घेतो. थोडेसे. हमरस्त्यावर कसं वाटतं तेवढं प्रामाणिकपणे सांगा.

चिखलफेक

बैलगाडीसारखं. फोटो टाकतो, चिखल धुतल्यावर. एक शंका मात्र आहे. डाव्या नकलच्या मागे, गोळ्यावरच्या वायपरच्या (बाहेरून पुसणाऱ्या सीलच्या) कडेला ओल दिसतेय.

गंजलेला_नट

दाट काळं ग्रीस की पातळ?

चिखलफेक

पातळ. आणि वास गिअर ऑइलचा.

गंजलेला_नट

डावा शाफ्ट कधी घातला होतात?

चिखलफेक

रात्री साडेअकराला. एकट्याने. घाईत.

गंजलेला_नट

सोडा पुन्हा.

चिखलफेक

सोडतो.